पोटावर टाका नाही

माझ्या सासरी माणसाला डोकं, छाती, पोट आणि गुडघे एवढेच अवयव होते. उरलेल्या कुठल्याही भागाला काही झालं तर ते 'पोटाचं' म्हणून नोंदलं जायचं. बाळंतपण पोटाचं, मुतखडा पोटाचा, पाळीची तक्रारही पोटाचीच. ही वाटणी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची होती आणि तिच्यामुळे कुणाचं अडलेलं मी पाहिलं नव्हतं. अडलं ते माझ्या भासऱ्यांचं.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी शेती तेच बघतात. आम्ही दोघं यवतमाळला असतो. नवरा शाळेत शिकवतो, मी कॉलेजच्या ऑफिसात आहे. आमच्याकडे भासरे आणि धाकटी भावजय एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत. त्यात भांडण नाही, रीत आहे. मी पाण्याचा गडू घेऊन दारात उभी राहायची आणि भिंतीला विचारायची, "मोठेबाबांले पाणी पाहिजे का?" भिंतीच्या वतीने जाऊबाई उत्तर द्यायच्या. भासऱ्यांना माझ्याकडून काही हवं असलं तर ते अंगणातल्या बैलाकडे तोंड करून म्हणायचे, "यवतमाळवालीले विचारा, बियाण्याची पावती तिच्यापाशी आहे काय?" पावत्या, सातबारे, विम्याचे कागद, सगळं माझ्याकडे फायलीत लावलेलं असतं. बैल काही बोलायचा नाही. मी पावती आणून खाटेवर ठेवायची. इतकी वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

मग एकदा आम्ही गावी गेलो असताना जाऊबाई चुलीपुढे बसून भासऱ्यांबद्दल हळूच म्हणाल्या, "यायचं रक्त जाऊन राह्यलं वो."

"कुठून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी भर चौकात पदर टाकला असावा. "पोटातून," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पेरणीच्या आंधीपासून. तसं काही नाई, मूळव्याध होय."

मूळव्याध हा खालच्या भागातला एकमेव मान्यताप्राप्त आजार. तो पुरुषाला शोभतो, चारचौघांत सांगता येतो, आणि त्यावर प्रत्येकाकडे औषध असतं. भासऱ्यांच्या बोटात तांब्याची अंगठी आली होती ती त्यासाठीच. सुरण खाऊन झाला होता, सकाळचं ताक सुरू होतं, मिरची बंद होती. घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी ते एका 'बिना ऑपरेशन शर्तिया इलाज' वाल्याकडेही जाऊन आले होते. त्याच्याकडे टेबलाच्या पलीकडून सांगायचं, टेबलाच्या अलीकडे पुडी मिळते. आपल्या जिल्ह्यात सरकारी योजनांपेक्षा जास्त भिंती या इलाजाने रंगवल्या आहेत. एवढ्या लोकांनी एवढं निदान केलं होतं, पण दुखणं जिथे होतं तिथे त्यांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं. पाहणं असभ्यपणाचं झालं असतं.

मला चैन पडेना. मी कागदावर प्रश्न लिहून काढले. रक्त लाल की काळं? शौचाला किती वेळा? सोबत शेंबडासारखं काही जातं का? जाऊन आल्यावरही अजून राहिलंय असं वाटतं का? कागद नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याला वावरात पाठवलं. तो परत आला तेव्हा कागदाची घडी तशीच होती.

"विचारलं का?"

"हो."

"काय म्हणाले?"

"कपाशी बरी आहे म्हणे यंदा."

शेवटी सगळी उत्तरं जाऊबाईंकडून मिळाली, तीही भांडी घासण्याच्या आवाजाच्या आडोशाने. रक्त लाल होतं. शेंबूड जात होता. आणि दर वेळी राहिल्यासारखं वाटत होतं. मी यवतमाळच्या एका सर्जनची वेळ घेतली. भासरे यायला तयार नव्हते. जाऊबाईंनी सांगितलं, "गेले नाईत त मी माहेरी जातो." त्यांच्या माहेरी आता कुणीच उरलेलं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण धमकी लागू पडली.

त्या डॉक्टरांनी हातमोजा घातला, बोटाने तपासलं, आणि चहा गार व्हायच्या आत बाहेर येऊन सांगितलं, "मूळव्याध नाही. आत गाठ आहे."

नागपूरला दुर्बिणीतून गाठीचा तुकडा काढून तपासला. तुकड्यात कर्करोग नव्हता. पण तिथल्या सर्जननी स्पष्ट सांगितलं, की गाठ पसरट आहे, मोठी आहे, एका तुकड्यावरून सगळ्या गाठीची हमी देता येत नाही, आणि अशी गाठ ठेवली तर पुढे बिघडू शकते. ती पूर्ण काढून पूर्ण तपासायची. पूर्वी यासाठी पोट उघडत, आतड्याचा तो भागच कापत, आणि काही जणांना मग पोटावर पिशवी लावून राहावं लागे. आता खालूनच एक नळी बसवतात. आत हवा भरून जागा मोकळी करतात, कॅमेरा घालतात आणि बारीक हत्यारांनी गाठ तेवढी सोलून काढतात. टाके आतल्या आत. "बाहेर एकही टाका दिसणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर चित्र काढायला लागले.

चित्राची पहिली रेघ ओळखू येताच भासरे उठून बाहेर गेले. भावजय आणि ते चित्र एका खोलीत असताना त्यांना तिथे बसणं शक्य नव्हतं. नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला. डॉक्टर माझ्याशी बोलत राहिले. त्यांनी मधेच विचारलं, "पेशंट तुमचे कोण?"

"माझे मोठे दीर."

"मग त्यांना आत बोलवा ना."

"मी नाही बोलवू शकत. हे बोलावतील."

"हे का नाही बोलवत मग?"

नवरा म्हणाला, "मी सांगतो दादाले सगळं." आणि बाहेर जाऊन त्याने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, "पोटातली गाठ आहे. दुर्बिणीनं काढतीन." हे मला कळलं नंतर. भासऱ्यांच्या ओळखीत दुर्बिणीचं ऑपरेशन झालेले बरेच होते. त्यांच्या पोटावर दोन-तीन भोकांच्या खुणा असतात. त्यांनी मनाशी भोकं धरली आणि कागदांवर सह्या केल्या, पीककर्जाच्या सोसायटीच्या कागदांवर करतात तशा, न वाचता. भूल देण्याआधी डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "बाबा, समजलं ना काय करणार आहोत?"

"हाव," भासरे म्हणाले. आमच्याकडे डॉक्टरांपुढच्या 'हाव' चा मतलब 'आटपा लवकर' एवढाच असतो.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बाटलीतली गाठ दाखवली. फुलकोबीच्या तुऱ्यासारखी, लिंबाएवढी. "माझ्या डोळ्याला साधीच वाटते," ते म्हणाले, "पण माझ्या डोळ्यावर जाऊ नका. आठवडाभरात रिपोर्ट येईल." रेकॉर्डिंग हवं का असंही त्यांनी विचारलं. नवरा चहाला गेला होता, म्हणून ते माझ्या फोनवर आलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. पोट साफ राहायचं औषध चुकवायचं नाही, कुंथायचं नाही, वाकून काम करायचं नाही, म्हणजे आतले टाके नीट राहतील. बाकी पथ्य नाही. हळूहळू आवडेल ते खाऊ द्या.

नवऱ्याने रजा काढली आणि भावाला घेऊन गावी गेला. मी यवतमाळला ऑफिसात हजर झाले. इथून पुढचं मी जाऊबाईंच्या फोनवरून आणि नंतर नवऱ्याच्या उलटतपासणीतून जुळवलं आहे.

नागपूरहून निघतानाच नवऱ्याने फोन लावायला सुरुवात केली होती. "दादाचं पोटाचं मोठं आप्रेशन झालं." पोटाचं का, ते सांगितलंच आहे. मोठं यासाठी, की लहान ऑपरेशनला कुणी भेटायला येत नाही, आणि भेटायला कुणी आलं नाही तर घराण्याची शोभा जाते.

लोक आले. ग्लुकोज बिस्किटांचे पुडे आले, सफरचंदं आली, शहाळी आली. आणि भेटीच्या रीतीप्रमाणे बसल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, सोसायटीचे जुने सेक्रेटरी म्हणाले, "हं, दाखवा बरं टाका."

आमच्या गावात टाका दाखवणं हा पाहुणचाराचा भाग आहे. हर्निया कुणाचा उजवीकडचा आणि कुणाचा डावीकडचा हे शेंबडं पोरही सांगेल. बाप्ये चावडीवर बनियन वर करतात, बाया माजघरात. ज्याचा टाका लांब त्याला बोलू द्यायचं, असा संकेत आहे. त्याप्रमाणे भासऱ्यांनीही बनियन वर केलं. सेक्रेटरींनी चष्मा लावला, पोट उजवीकडून पाहिलं, डावीकडे येऊन पाहिलं. पोट जन्मापासून होतं तसं होतं.

"काऊन बुवा, टाका कुठं आहे?" त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

"आतून आहे."

"आतून मंजे?"

"नवीन पद्धत आहे."

"भोक तरी पाह्यजे ना लेका. हात कुठून घातला त्यानं?"

नवरा सफरचंदं मोजायला लागला.

"किती दिवस ठेवलं?"

"दुसऱ्याच दिवशी सोडलं."

"अन् पथ्य?"

"काई नाई. आवडन ते खाऊ द्या म्हणे."

सेक्रेटरींनी हातातला बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवला, अगदी हलक्या हाताने, भासऱ्यांच्या खांद्यावर थोपटलं, आणि नवऱ्याला अंगणात नेऊन म्हणाले, "पाहुणे येतीन जातीन, त्यायले काई सांगू नको. जे मागन ते दे त्याले."

दिवस मावळायच्या आत गावाचं निदान पक्कं झालं. नागपूरच्या डॉक्टरने गाठ पाहिली आणि हातच लावला नाही. टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी धाडलं, वर खाऊ द्या म्हणाला. आणखी काय पुरावा पाहिजे? कुणाचा चुलता, कुणाची मावशी, सगळ्यांना अस्संच सोडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची जात बदलली. बाया जाऊबाईंचा हात धरून नुसत्या बसायला लागल्या. कुणी खीर आणली, कुणी धिरडी. जो तो मऊ आवाजात बोलायचा. अशा आवाजात आमच्या गावात फक्त तहसीलदाराशी बोलतात.

भासरे हे सगळं पाहत होते. पोटावर खूण नाही हे त्यांनी सगळ्यात आधी पाहिलं होतं, दवाखान्यातच. तरी ते तग धरून होते. त्यांचा धीर सुटला तो धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून. शेजारच्या वावरवाल्याशी धुऱ्याचं भांडण त्यांच्या वडिलांपासूनचं. दर पावसाळ्यात तो धुरा कोरतो, दर उन्हाळ्यात हे परत भरतात. तो माणूस आला, खाटेच्या पायथ्याशी बसला आणि म्हणाला, "धुऱ्याचं काय घेऊन बसले आता? तुमचाच होता, तुमचाच राहू द्या."

तो गेल्यावर भासरे भिंतीकडे तोंड करून झोपले. जाऊबाईंना म्हणाले, "त्यानं धुरा सोडला. आता माहं काई खरं नाई."

त्या दिवसापासून त्यांनी जेवण टाकलं. औषधाचा डोस पुढे केला की म्हणायचे, "कायले आता?" कोठीच्या किल्ल्या जाऊबाईंना दिल्या, तुरीचं बियाणं कुठल्या ढोलीत आहे ते सांगितलं, बहिणीला बोलावून घ्या म्हणाले. जाऊबाईंनी मला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या. "माय, खरं सांग. तू लपवत नाईस ना काई?"

मी लपवत नव्हते, पण माझ्या हातात रिपोर्टही नव्हता. गाठ कशी होती ते मला माहीत नव्हतं. ती काढली होती, एवढं मात्र पक्कं माहीत होतं. आणि आत्ता त्या माणसाने औषध सोडलं होतं. कुंथून टाके सुटले असते तर गाठीने न केलेलं नुकसान गावाच्या सहानुभूतीने केलं असतं. मी अर्जित रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि गाडी काढली.

नवरा अंगणातच भेटला. मी हेल्मेटही न काढता विचारलं, "दादांना सांगितलं होतं ना, खालून काढली म्हणून?"

"सांगतलं होतं. दुर्बिणीनं."

"खालून, असं सांगितलं होतं का?"

"आता त्यात खालून काय अन् वरून काय! गाठ निघाल्याशी मतलब."

"मग आता सांगा. मी पाणी पिऊन येते, तोवर सांगून टाका."

मी पाणी प्यायले, हातपाय धुतले, जाऊबाईंशी बोलले. परत आले तेव्हा तो गोठ्यात होता. मी त्याला फोनमधलं रेकॉर्डिंग दाखवलं. "हे दाखवा नुसतं. बोलूच नका." त्याने सुरुवात पाहिली आणि फोन माझ्या हातात कोंबला. "मी दादाले हे कसं दाखवू? लहानपणी त्यानं मले खांद्यावर घेऊन फिरवलं आहे."

"म्हणूनच म्हणते."

"तू तुह्यं काई कर. मी बैलायले पाणी पाजतो." बैलांना पाणी पाजून झालं होतं. त्यांनी दुसऱ्यांदा प्यायला नकार दिला तरी तो गोठ्यातच थांबला.

बैठकीत भासरे खाटेवर होते, दाढी वाढलेली. शेजारी त्यांचे पलीकडच्या बंजारा तांड्यातले एक मित्र बसले होते. दोघांनी मिळून गावातल्या अर्ध्या विहिरी खोदल्या आहेत. ते भासऱ्यांना 'भिया' म्हणतात, म्हणजे भाऊ. जाऊबाई दाराशी. मी पदर नीट केला, भिंतीकडे पाहिलं, आणि मला कळलं की भिंतीला हे सांगता येणार नाही. भिंत समजून घेणार नाही.

"मोठेबाबा," मी म्हणाले, "तुमची गाठ काढलेली आहे. मी तुम्हाला दाखवते."

ते भिंतीकडून वळले. जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. तांड्यातले मित्र म्हणाले, "दाखवा बाई, दाखवा. मी जाऊ का?"

"बस इथंच," भासरे म्हणाले.

फोनवर त्यांना दिसेना. म्हणून मी ते टीव्हीला जोडलं. ज्या टीव्हीवर जाऊबाई सकाळी आरती लावतात, त्याच्यावर माझ्या मोठ्या दिरांच्या गुदद्वाराचा आतला भाग दिसायला लागला. गुलाबी, ओला, गोल. मधे ती कोबीसारखी गाठ.

"हे कायचं होय?" भासऱ्यांनी विचारलं. मला विचारलं. माझ्याकडे पाहून.

"तुमचंच आहे. कॅमेरा खालून आत गेला आहे."

"खालून मंजे खालून?"

"हो."

"पोटातून नाई?"

"पोटाला हातच लावला नाही."

तांड्यातले मित्र पुढे सरकले. "भिया, हे त बोअरमध्ये क्यामेरा सोडल्यावानी आहे. तो पाह्य, तो कठडा दिसून राह्यला."

हत्यार आलं, गाठीच्या कडेने फिरायला लागलं. गाठ हळूहळू सुटली. मित्रांना राहवेना. "अहाहा, कशी सोलून राह्यला! खालची भुई दुखवत नाई. आपला गडी असता त अर्धी विहीर खचवली असती."

"चूप बस ना," भासरे म्हणाले. त्यांची नजर हलत नव्हती. गाठ सुटून बाहेर ओढली गेली तेव्हा ते उठून बसले. मग आतले टाके पडायला लागले. "हे टाके?"

"हेच."

त्यांनी ते मोजले नाहीत, पण शेवटच्या टाक्यापर्यंत पाहिले. चित्र थांबलं.

"मंग पोटाचं काहून सांगतलं यानं?" भासऱ्यांनी विचारलं.

सगळ्यांनी गोठ्याकडे पाहिलं.

"त्यांना वाटलं, बरं नाही दिसत," मी म्हणाले.

"अन् मी मरत होतो ते बरं दिसत होतं काय?" ते ओरडले, आणि लगेच जाऊबाईंना म्हणाले, "भाकर आण. अन् ते औषध कुठं टाकलं?"

मी त्यांना तेव्हाच सांगितलं, की रिपोर्ट अजून यायचा आहे. ते ऐकून घेतलं त्यांनी. "काढली ना पण? मंग पाहू," म्हणाले. भाकर खाल्ली, मात्र माझा फोन वाजला की घास हातातच थांबायचा.

त्यानंतर जे झालं त्याची जबाबदारी मी घेत नाही. टाका बघायला आलेल्या लोकांना टाका दाखवणं भासऱ्यांना आता शक्य होतं. सेक्रेटरी आले, त्यांना खुर्ची देऊन टीव्ही लावला. मग सेक्रेटरींनी सांगितल्यावरून आणखी लोक आले. बाप्ये आत, बाया अंगणात, आणि समालोचनाला तांड्यातले मित्र. रेकॉर्डिंग नवऱ्याच्या फोनवरूनच चालायचं, कारण मी ते त्याला पाठवून परत गेले होते आणि भावाने त्याला दुसरं काम उरू दिलं नव्हतं. लोकांनी पाहिलं आणि मतंही दिली. एकाच्या मते कापणी फार सावकाश होती. एकाला वाटलं हे दुसऱ्या कुणाचं असेल, सगळ्यांचं आतून सारखंच दिसतं. जाऊबाईंनी एकच अट घातली, "जेवाच्या टायमाले लावू नका बाप्पा." आणि धुरेवाला येऊन बघून गेला. जाताना म्हणाला, "मंग धुऱ्याचं बसून बोलू एकदा."

जो शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता तो दोन-तीन दिवसांत लहान पोरांच्या तोंडी झाला. पण भासऱ्यांच्या मागे जो प्रश्न होता तो तिथेच होता. जाऊबाई फोनवर सांगायच्या, "लोकं गेले की चूप बसते. गाठ निघाली, पण तिच्या पोटात काय होतं, म्हणते."

रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मी ऑफिसात होते. वाचला. नागपूरला फोन करून डॉक्टरांकडून खात्री केली. जाऊबाईंना लगेच सांगता आलं असतं, पण ते घर फोनवरच्या चांगल्या बातमीवर विश्वास ठेवत नव्हतं. मी प्रिंट काढली, इंग्रजी कागदाच्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने मराठी लिहिलं, आणि निघाले.

भासरे वावरात होते. वेचणी चालू होती, बाया फडकी पाठीला बांधून ओळीत होत्या. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हटलं होतं, म्हणून ते लिंबाखाली उभे राहून सगळ्यांवर ओरडत होते. नवरा मोठ्या फडक्यावर कापसाचा ढीग लावत होता. मला पाहून भासऱ्यांचं ओरडणं थांबलं. त्यांनी कागद पाहिला होता.

"आला?"

"आला. साधी गाठ आहे. कर्करोग नाही."

"पुऱ्या गाठीत?"

"पूर्ण गाठीत. कडेलाही काही राहिलेलं नाही."

"'नाई' असं कुठं लिव्हलं आहे, ते दाखवा."

मी बोट ठेवलं. त्यांनी आधी इंग्रजीकडे पाहिलं, मग खालच्या पेन्सिलीकडे, मग परत इंग्रजीकडे, जणू दोन्ही एकच सांगतात का हे त्यांना चेहऱ्यावरून ओळखायचं होतं. मग ते दोन पावलं मागे गेले आणि कापसाच्या ढिगावर बसले. त्या ढिगावर कुणी बसलं तर ते काठी घेऊन धावतात. वेचणाऱ्या बाया थांबून पाहायला लागल्या.

त्यांची शिदोरी घेऊन जाऊबाई बांधावरून येत होत्या. हा देखावा पाहून त्या पळतच आल्या. "काय झालं? काय झालं वो?"

"काई नाई झालं," भासरे म्हणाले. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि बोंडावरची धूळ डोळ्यांत गेल्याचं जाऊबाईंना सांगितलं. "काईच नाई झालं म्हणून लिव्हलं आहे."

नवरा ढिगापलीकडे उभा होता, हातात कापूस तसाच. त्याने भावाकडे पाहिलं, आणि तोही बसला, ढेकळांवरच.

मी पुढचं सांगून टाकलं. पुढचं आत्ताच सांगितलं नाही तर ते कधीच सांगता येत नाही, हा माझा अनुभव आहे. अशा गाठी पुन्हा येऊ शकतात. काही महिन्यांनी परत दुर्बिणीने पाहायचं, नंतरही अधूनमधून पाहत राहायचं.

"वेचणी आहे," भासरे म्हणाले.

"तोवर वेचणी झालेली असेल."

"तूर येईन."

"तूरही झालेली असेल. मी तारीख घेऊन ठेवते."

त्यांनी ढिगावरून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला. जाऊबाई दुसरीकडे बघायला लागल्या.

"येतो," ते म्हणाले. "घेऊन ठेवा तारीख. पण त्याले नका आणू. मी तुमच्यासंगच येतो, अन् आत बसतो. डॉक्टरनं काय काढायचं ते चित्र काढू द्या."

मग ते बायांकडे वळले आणि ओरडले, की काय तमाशा चालला आहे काय इथे, ओळी सोडून उभ्या राहायला.